बॅरल साफ करायला ब्रश कोणता घ्यायचा?

पॉइंट टू-टू रायफलची बॅरल गोळ्या मारून खराब व्हायला खूप वर्षं लागतात, चुकीच्या ब्रशने मात्र ती लवकर वाया जाते. शिशाची गोळी मऊ असते, ती स्टीलला फारसं काही करत नाही, पण आपण सफाईच्या रॉडला कसलाही ब्रश लावून घासायला लागलो की आतल्या खाचा आणि नळीचं तोंड, म्हणजे क्राउन, तिथे ओरखडे पडतात आणि मग ग्रुप, म्हणजे टार्गेटवर गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, फाकायला लागतो.

मी वरळीच्या शूटिंग रेंजवर नवीन होतो तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून तारेचा ब्रश घेऊन आलो होतो, चकचकीत दिसला म्हणून. सरांनी काही न बोलता खिशातून छोटं चुंबक काढलं आणि ब्रशच्या केसांना लावलं, टक्कन चिकटलं. "हे बॅरलमध्ये घालणार होतास?" एवढंच विचारलं त्यांनी. तेव्हापासून नवीन ब्रश घेतला की आधी चुंबक.

तर पहिली गोष्ट, केस स्टीलपेक्षा मऊ पाहिजेत. नायलॉन किंवा फॉस्फर ब्राँझ, बस. स्टेनलेस स्टीलचा नको, कितीही टिकाऊ सांगितला तरी, आणि स्टेनलेस चुंबकाला नेहमी चिकटतंच असं नाही, त्यामुळे पाकिटावर काय लिहिलंय तेही वाचा. मग मधली पिळलेली तार बघा. केस ब्राँझचे पण तार स्टीलची असं बऱ्याचदा असतं, आणि टोकाला ती तार कापून टोकदार सोडलेली असते, तीच आत खरचटते. पितळेची तार आणि टोकाला वळवलेला लूप असलेला ब्रश मिळाला तर दोन पैसे जास्त द्या.

माप बघून घ्या. पॉइंट टू-टू म्हणजे ५.६ मिमी, एअर रायफल ४.५ मिमी, एकाचा ब्रश दुसऱ्यात कोंबायचा नाही. आटेही वेगळे असतात, म्हणून रॉड सोबत नेऊन दुकानातच फिरवून बघितलेला बरा.

एअर रायफलवाल्यांनी तर ब्रशच्या नादालाच लागू नका, फेल्टचे पेलेट, म्हणजे नमद्याच्या छोट्या गोळ्या, पुरतात, आणि पेट्रोलियमवालं सॉल्व्हंट, म्हणजे घाण विरघळवणारं द्रव, आत सोडलं तर सील खराब होतात.

आता वापरायचं कसं. बोल्ट, म्हणजे बॅरल मागून बंद करणारा दांडा, काढा, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, एकदा बघितलं तरी परत बघा. आधी सॉल्व्हंट लावलेला पॅच, म्हणजे कापडाचा छोटा तुकडा, फिरवा म्हणजे वरची राख आणि कचरा निघतो, नाहीतर ब्रश तोच कचरा नळीभर घासत फिरतो. मग ब्रश मागून, चेंबरच्या बाजूने घालायचा, रॉड सरळ ठेवणारा रॉड गाइड लावून, आणि तोंडातून पूर्ण बाहेर काढल्यावरच अलगद मागे ओढायचा. मधेच उलटा ओढला की केस वाकतात आणि ब्रश अडकतो. दरवेळी घासायची गरजही नसते हो, रोज पॅच पुरे, ग्रुप बिघडला की चार-पाच फेऱ्या ब्रशच्या. तांबं काढणारं अमोनियाचं सॉल्व्हंट ब्राँझच्या ब्रशवर लावू नका, ते ब्रशलाच खातं आणि पॅच निळा आला की आपल्याला वाटतं बॅरल घाण आहे.

ब्रश बाहेर येताना शिशाची बारीक धूळ उडते, चष्मा लावा, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका, ही गंमत नाही, शिसं शरीरात साठतं.

पावसाळ्यात मुंबईत ही दमट हवा बॅरलला गंज आणते, म्हणून शेवटी तेलाचा हलका पॅच फिरवायचाच, आणि पुढच्या वेळी गोळी भरण्याआधी कोरड्या पॅचने तो पुसायचा. ब्रशही सॉल्व्हंटमधून धुऊन, सुकवून, झाकणाच्या नळीत ठेवा. किटबॅगमध्ये मोकळा टाकला की वाळूचे कण केसांत अडकतात आणि पुढच्या वेळी मऊ ब्रशसुद्धा सँडपेपरसारखा चालतो.