जुनी टूरर आणि नवी टूरर: राइड आणि हँडलिंगची तुलना नीट कशी करायची

माझ्या मामेभावानं रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५० घेतली आणि पेढे द्यायला आला तेव्हाच माझ्या जुन्या थंडरबर्ड ३५० ची किल्ली मागितली. इंदूरच्या राजेंद्रनगरहून राऊ सर्कलपर्यंत जाऊन आला आणि हेल्मेट काढता काढता म्हणाला, दादा ही तर डोलते रे, विकून टाक आता. बारा वर्षं आणि पाऊण लाख किलोमीटर चालवलेली गाडी, मला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त हे खटकलं की त्यानं दहा किलोमीटरमध्ये निकाल लावला आणि तो निकाल गाडीच्या डिझाइनचा नव्हता, झिजेचा होता. असं खूप जण करतात, एकीकडे शोरूममधून कालच निघालेली आणि दुसरीकडे कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) खाल्लेली, टायर कडक झालेला, मग म्हणायचं नवीन गाड्या किती सुधारल्यात. सुधारल्यात हे खरंच आहे, पण टूररमध्ये, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या गाड्यांमध्ये, किती आणि कुठे हे कळायला तुलना नीट करावी लागते, ती कशी ते सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, राइड वेगळी आणि हँडलिंग वेगळं. राइड म्हणजे रस्ता तुमच्या पाठीपर्यंत किती पोचतो, खड्डा, गिट्टी, इंजिनचा थरथराट, तीन तासांनी हात सुन्न होतात का. हँडलिंग म्हणजे तुम्ही सांगितलेलं गाडी किती लवकर आणि किती खरं ऐकते, वळणात जिथे ठेवली तिथे राहते का. आपल्या पीथमपूरला नॅट्रॅक्सचं टेस्टिंग सेंटर आहे, २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकमुळे बातम्यांत होतं ते, तिथेपण कम्फर्टचा ट्रॅक वेगळा आणि हँडलिंगचा वेगळा आहे. एका गाडीला एकाच वाक्यात "मस्त चालते" म्हटलं की दोन्ही गोष्टींची खिचडी होते आणि मग काहीच कळत नाही.

आता जुनी गाडी. तुलनेच्या आधी तिला तिच्या मूळ रूपाच्या जवळ आणा, हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि हेच लोक टाळतात. सेंटर स्टँडवर लावा, मागे कोणाला तरी बसवा म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल, मग दोन बोटांनी हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध येताना बारीकसा खटका लागला, जणू हँडलला तिथेच थांबायचंय, तर कोनसेट गेला. माझ्या गाडीला नेमका तोच खटका होता. सरळ रस्त्यावर गाडी सारखी बारीक बारीक डावी-उजवी करते ती यामुळे, आणि माणूस म्हणतो फ्रेम जुनी आहे. मग खाली बसून पुढच्या शॉकरचे खालचे टोक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढा, टक्टक् हाताला लागली तर कोनसेट ढिला आहे. मग मागचं चाक हवेत घेऊन टायर डावीकडे-उजवीकडे हलवा, चाक नाही तर आख्खा चिमटाच (मागचं चाक धरणारा फ्रेमचा हलता भाग) हलतोय असं दिसलं तर चिमट्याचे बुश बदलायचे, हे बुश स्वस्त असतात पण वळणात गाडी मागून तरंगते ती यांच्यामुळेच. आमचे मिस्त्री नेहमी म्हणतात, "भिया, पहले कोनसेट और चिमटा देखो, फिर कंपनी को दोस दो."

पुढच्या शॉकरचं तेल कित्येक जण गाडी विकेपर्यंत बदलत नाहीत. माझ्या गाडीतनं निघालं ते काळं पाणी होतं, तेलाचा चिकटपणा बोटाला लागेना. असं तेल असलं की गाडी खड्ड्यानंतर दोन-तीन वेळा वर-खाली होते आणि ब्रेक दाबला की नाक एकदम खाली जातं. मागचे शॉकर पण बघा, दांडीवर तेलाचा ओघळ असेल तर ते संपले, आता फक्त स्प्रिंग आहे. आणि टायर, टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ लिहिलं असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. माझ्या मागच्या टायरवर ३११५ होतं. नक्षी अजून भरपूर होती म्हणून मी बदलला नव्हता, पण नखानं दाबला तर प्लॅस्टिकसारखा, आणि मधला भाग चपटा झालेला. चपटा टायर वळणात आधी नाही नाही म्हणतो आणि मग एकदम पडतो, हे आठ-दहा हजारांचे शॉकर लावूनही जात नाही. आधी टायर बदला मग बाकीचं बोला.

हे झालं की दोन्ही गाड्यांना एका पातळीवर आणा. हवा थंड टायरमध्ये, ज्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिली तेवढीच, पेट्रोल पंपावर अंदाजे मारून घेतलेली नाही. टाकी दोघींची सारखी भरलेली, सामान लावायचं तर दोघींना लावा. मागच्या शॉकरची कडी, म्हणजे स्प्रिंग किती आवळायची ते ठरवणारी रिंग, दोन्हीकडे समान खाच्यावर आहे ना ते बघा, जुन्या गाड्यांत एक बाजू दोनवर आणि दुसरी चारवर असं सर्रास सापडतं. सस्पेन्शन खरं किती काम करतंय ते बघायला मी एक साधी गोष्ट करतो, पुढच्या शॉकरच्या चमकत्या दांडीवर प्लॅस्टिकचा केबल टाय सैलसर बांधायचा आणि सीलला टेकवून ठेवायचा, अपसाइड डाऊन फोर्क (उलटा लावलेला पुढचा शॉकर) असला तरी चमकत्या भागावरच, फक्त तिथे तो भाग खाली असतो. तुम्ही नुसते बसल्यावर तो किती सरकला ते स्केलनं मोजा, रस्त्याच्या गाडीला एकूण ट्रॅव्हलच्या (शॉकर जास्तीत जास्त जितका दबतो त्याच्या) साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा कमी सरकला तर ठीक. राइड संपल्यावर पुन्हा बघा, पार शेवटाला गेला असेल तर गाडी तळ गाठतेय, अर्ध्यावरच असेल तर तुमच्या वजनाला ती कडक आहे. भावनेपेक्षा हा केबल टाय जास्त खरं बोलतो.

रस्ता. सुपर कॉरिडॉरवर सकाळी सहाला सरळ चालवून बघा, पण फक्त तेवढ्यावर थांबू नका, गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. एक तुकडा सरळ, एक तुकडा उखडलेल्या गावातल्या रस्त्याचा, आणि एक घाटाचा, हे तिन्ही हवेत. घाटासाठी मला महूवरून जाम गेटकडे जाणारा रस्ता आवडतो, खंडवा रोडच्या सिमरोल-भेरूघाटात ट्रक इतके असतात की गाडीपेक्षा ट्रककडेच लक्ष जातं. जाम गेटला दरवाजाशी उभं राहिलं की खाली निमाड पसरलेला दिसतो, तिथून वळणं सुरू, खाली मंडलेश्वर आणि पुढे महेश्वर, तिथे नर्मदेच्या घाटावर चहा घ्यायचा आणि परत. पावसाळ्यात नका करू तुलना, धुकं आणि शेवाळात काही समजत नाही आणि जीवाशी खेळ होतो.

गाडी बदलायची पद्धत पण महत्त्वाची. आधी जुनी, मग नवी, मग परत जुनी. नुसती जुनी-मग-नवी केली तर नवी नेहमीच जिंकते कारण तुमचा हात तापलेला असतो, रस्ता पाठ झालेला असतो. तिसऱ्या फेरीत जुनीवर परत बसलात की खरा फरक कळतो, जे खटकतं ते खरंच खटकणारं असतं. आणि प्रत्येक फेरीनंतर लगेच थांबून मोबाइलमध्ये दोन ओळी बोलून ठेवा, घरी येऊन आठवलेलं सगळं कौतुकच असतं.

काय जाणवतंय बघायचं? सरळ रस्त्यावर ८० च्या स्पीडला शांतपणे लेन बदला, हात हँडलवरून काढू नका, फक्त पकड सैल ठेवा. गाडी एकदा झुकून सरळ झाली तर उत्तम, मागून दोन-तीन हेलकावे आले तर नोंद करा. घाटात उतरताना बघा की वळणात आधी घातलेली लाइन सुटते का आणि मध्येच हलकासा ब्रेक लावला तर गाडी उभी व्हायला बघते का. खराब रस्त्यावर एकाच स्पीडनं, म्हणजे ४० तर ४०, पायठेवणीवर पाय नीट टेकवून बसा, उठून उभं राहू नका, नाहीतर सस्पेन्शनचं काम तुमचे गुडघे करतात.

आता कागदावरचे आकडे, कारण त्यावर भांडणं खूप होतात. जुनी थंडरबर्ड ३५० आणि मीटिअर ३५० घ्या, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मीटिअर आली ती थंडरबर्डच्या जागी. वजन दोघींचं १९० किलोच्या आसपास, ताकद दोघींची २० बीएचपीच्या आसपास, पुढचे फोर्क दोघींचे ४१ मिमीचे. व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) तर नवीनचा लांब, १४०० मिमी, जुनीचा १३५० मिमी, म्हणजे कागदावर जुनी जास्त चपळ असायला हवी. रस्त्यावर उलटं होतं. कारण जुन्या फ्रेमला पुढे एकच नळी उतरते आणि इंजिनच फ्रेमचा भाग आहे, नव्या फ्रेमला दोन नळ्या आहेत, ती पिळवटत नाही, म्हणून वळणात हँडलनं सांगितलेलं मागच्या चाकापर्यंत तेवढंच पोचतं. इंजिन पण बघा, जुनं ७० बाय ९० मिमीचं (सिलिंडरचा व्यास बाय पिस्टनची धाव) पुशरॉड, नवं ७२ बाय ८५.८ मिमीचं ओव्हरहेड कॅमचं आणि त्यात थरथराट कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट. राइडमध्ये सगळ्यात मोठा फरक मला इथेच वाटला, सस्पेन्शनमध्ये नाही, ८० ला तासभर चालवून हात सुन्न होत नाहीत.

पण सगळं नवीनच्या बाजूनं नाही. मीटिअरला मागे १७ इंचाचं चाक आणि १४० चा रुंद टायर आहे, जुनीला १८ इंचाचं आणि अरुंद. उखडलेल्या डांबराच्या कडेवर मोठं अरुंद चाक जरा सहज चढतं, तेल बदललेली माझी गाडी त्या तुकड्यावर नवीनपेक्षा मागे नव्हती, केबल टायनं पण तेच सांगितलं. थंडरबर्डची २० लिटरची टाकी आणि मीटिअरची १५ ची, हाही टूरिंगला फरकच आहे.

रॉयल एनफिल्डच्याच हिमालयनमध्ये गंमत वेगळी. २०१६ ची ४११ आणि २०२३ अखेरची ४५०, दोघींना पुढे २१ इंचाचं चाक, पुढचा ट्रॅव्हल २०० मिमीच, वजनातही फार फरक नाही. बदललं ते फोर्क, ४१ मिमीच्या साध्याऐवजी ४३ मिमीचा शोवाचा अपसाइड डाऊन, आणि ताकद २४ वरून ४० च्या घरात. तिथे तुलना करताना स्पीड सारखा ठेवलात तर दोघी बऱ्याच जवळ येतात, नवी खरी सुटते ती १०० च्या वर. बुटक्या माणसानं मात्र नवीवर आधी नुसतं बसून बघावं, कंपनीची मूळ सीट ८२५ मिमीच्या खाली येत नाही, जुनीची ८०० होती. आणि बजाजच्या डॉमिनारला नाव बघून फसू नका, डिसेंबर २०१६ च्या गाडीला साधे फोर्क, २०१९ च्या गाडीला अपसाइड डाऊन, दोघी ४३ मिमीच्याच पण ब्रेकमध्ये नाक खाली जाण्यात फरक जाणवतो.

ब्रेकची तुलना वेगळी करा आणि जपून करा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन गाड्यांना एबीएस (ब्रेकमध्ये चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आलं, त्याआधीच्या बऱ्याच टूररना नाही. नव्यावर हाताला लागलेली सवय घेऊन जुनीवर बसलात आणि गिट्टीवर तसाच पुढचा ब्रेक ओढलात तर चाक लॉक होतं. म्हणून घाट उतरताना मी जुनी-नवी-जुनी करत नाही, जुनीवरची फेरी एकदाच आणि नेहमी पहिली करतो, नवीवरून उतरल्या उतरल्या नाही.

शेवटची टेस्ट मागच्या सीटवर. बायकोला दोन्ही गाड्यांवर महू ते जाम गेट बसवलं, तिला आधी काहीच सांगितलं नाही. नवीनवर ती म्हणाली आवाज कमी आहे पण मागे जरा आदळतं, कारण भावानं कडी एकट्याच्या वजनावर ठेवली होती, आम्ही जाम गेटला पाना काढून ती दोन खाचे वर घेतली आणि परतीला तिनंच विचारलं, आता काय केलंत, आता बरं वाटतंय. माझ्या गाडीवर तिनं फक्त पाय ठेवायच्या जागेची तक्रार केली. भावाला मी परत किल्ली दिली, यावेळी नवा टायर, नवा कोनसेट, नवं तेल घातलेली गाडी. तो वळणांमध्ये अजूनही त्याची मीटिअरच पसंत करतो आणि ते बरोबर आहे, पण विकून टाक असं काही तो म्हणाला नाही, उलट चिमट्याचे बुश कुठून घेतले ते विचारून गेला, त्याच्या सासऱ्यांची जुनी बुलेट आहे म्हणे.