मांडवीच्या पाण्यातला ऑक्सिजन: धक्क्यापासून ब्युरेटपर्यंत

गोव्यातल्या मांडवी नदीच्या रायबंदर-चोडण पट्ट्यात पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला नमुना घ्यायचा, तर बाटलीच्या आधी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा. नदीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते, त्यामुळे छापील वेळ जशीच्या तशी धरू नका. एकाच धक्क्यावर भरतीला खारं पाणी मिळतं आणि ओहोटीला निमखारं. पावसाळ्यात तर वरच्या थरात जवळपास गोडं. म्हणून वहीत तारीख, घड्याळाची वेळ, भरती की ओहोटी, खोली, पाण्याचं तापमान आणि क्षारता जागेवरच लिहा. हे नसेल तर पुढचा आकडा कितीही बिनचूक काढला तरी तो कशाशी ताडायचा?

फेरीबोट धक्क्याला लागत असताना नमुना घेऊ नका. तिचा पंखा पाणी घुसळतो, हवा मिसळते आणि ऑक्सिजन फुगून येतो. बादलीतून बाटलीत पाणी ओतणं हीही तीच चूक. ३०० मिलीची बीओडी बाटली (घट्ट बसणाऱ्या काचेच्या बुचाची) घ्या, रबरी नळी तळापर्यंत सोडा आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहून जाऊ द्या. बूच तिरकं सरकवत लावा, मग उलटी करून बघा. बुडबुडा दिसला तर ते पाणी टाका नि पुन्हा भरा.

आता विंकलर पद्धतीचा, म्हणजे रसायनांनी ऑक्सिजन मोजायच्या रीतीचा, अर्धा भाग धक्क्यावरच उरकायचा, कारण बाटलीतले जीव प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ऑक्सिजन खात राहतात. पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून २ मिली मँगनस सल्फेट आणि मग २ मिली अल्कलाइन आयोडाइड-अझाइड सोडा. पिपेट दोन वेगळे, आणि तोंडाने कधीच ओढायचे नाहीत. बूच लावून पंधराएक वेळा उलटसुलट करा. तपकिरी साका आला की ऑक्सिजन आहे. पांढरा आला तर नाही. खाजनात (नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत) मानस, म्हणजे पाण्याची झडप, बंद राहून पाणी तुंबलं असेल, तर पांढरा साका दिसू शकतो, तेव्हा लगेच रसायनांवर संशय घेऊ नका. खाऱ्या पाण्यात साका खाली बसायला वेळ लागतो. अर्धी बाटली निवळली की पुन्हा हलवा, निवळू द्या, आणि गळ्याभोवती पाणी राखून बाटली सावलीत न्या.

प्रयोगशाळेत धूरपेटीखाली (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला. अझाइड आम्लात गेलं की विषारी वायू सुटतो. साका विरघळून आयोडीनचं पिवळसर द्रावण झालं की २०३ मिली मोजून घ्या. रसायनांनी हटवलेलं पाणी धरलं, तर मूळ नमुन्याचे ते २०० मिली होतात. ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने अनुमापन करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते ब्युरेटमधून थेंबथेंब सोडा: जितके मिली लागले, तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर. शेवट निळ्या रंगाने दाखवणारं स्टार्च मात्र द्रावण फिकट गवती झाल्यावरच घाला. लवकर घातलं तर आयोडीन त्यात अडकतं आणि शेवट हुकतो. निळा रंग एकदा गेला की वाचन घ्या. थोड्या वेळाने परत आला तरी मागे लागू नका. थायोसल्फेट जुनं होतं, म्हणून त्याची तीव्रता त्याच दिवशी तपासलेली असू द्या. उरलेलं द्रावण सिंकमध्ये नको. तांब्या-शिशाच्या नळ्यांत अझाइडचे स्फोटक क्षार होतात.

त्याच फेरीत निलंबित गाळही मोजता येतो, फक्त इथल्या पाण्यात एक सापळा आहे. काचतंतूच्या गाळणीतून पाणी काढल्यावर १० मिली ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुवा. नाहीतर १०३ ते १०५ अंशांवर तासभर वाळवल्यानंतर गाळणीवर मीठही गाळात तोललं जातं, आणि भरतीचं स्वच्छ पाणी ओहोटीच्या लाल पाण्याइतकं गढूळ ठरतं.

ऑक्सिजनचा आकडा हातात आला की संपृक्ततेशी, म्हणजे हवेतून पाण्यात मावू शकणाऱ्या ऑक्सिजनशी, ताडा. २८ अंशांना गोड्या पाण्यात ती सुमारे ७.८ मिग्रॅ प्रतिलिटर, तर ३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.४. म्हणजे ६ हा आकडा खाऱ्या पाण्यासाठी चांगला, गोड्यासाठी जरा कमी. दुपारी संपृक्ततेपेक्षा जास्त वाचन आलं तर आधी बुडबुड्याची शक्यता पडताळा. ती नसेल तर शैवालं उन्हात ऑक्सिजन सोडत असणार. खात्री करायला त्याच जागी पहाटे, उजाडायच्या आत, दुसरा नमुना घ्या. तो बराच खाली असेल तर कारण शैवालंच.