कोकणातून धातूचा माल पाठवताय? पॅकिंगच्या आधी हे बघा

ट्रकवाल्याला फोन करायच्या आधी माल वेगळा करा, कारण बिलावर नुसतं 'मेटल पार्ट्स' लिहून चालत नाही. लोखंड-स्टील एचएसएनच्या (बिलावर लिहायच्या मालाच्या कोडच्या) ७२ व्या प्रकरणात, त्यापासून बनवलेल्या वस्तू ७३, तांबं-पितळ ७४, ॲल्युमिनियम ७६. भंगाराचे हेडिंग परत वेगळे, लोखंडाचं ७२०४, तांब्या-पितळेचं ७४०४, ॲल्युमिनियमचं ७६०२. एकाच गाडीत चार प्रकार असतील तर बिलात चार ओळी येऊ देत आणि वजनही वेगवेगळं टाका, नाहीतर गाडी रस्त्यात अडली की ड्रायव्हर बिचारा उत्तरं देत बसतो.

लेथचा तेलकट चुरा असेल तर जास्त जपा. लोखंडाचा बारीक, ओला-तेलकट चुरा ढिगात आपोआप तापतो, म्हणूनच आपोआप तापू शकेल अशा स्वरूपातला चुरा यूएन २७९३ (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय नंबर) खाली धोकादायक मालात धरतात. भरण्याआधी ढिगात हात घालून बघा, आत कोमट लागला तर पसरून थंड करा, वाळवा, मगच भरा, आणि ट्रान्सपोर्टवाल्याला हे आधीच सांगा.

आता पॅकिंग. आपल्याकडे खरा शत्रू खारी दमट हवा. एका जुलैत मी जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्यांचा गठ्ठा प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून पाठवला, वाटलं एकदम सेफ. उघडला तेव्हा प्लास्टिकला आतून घाम सुटलेला आणि पत्र्यांवर खडूच्या पुडीसारखा पांढरा गंज, सगळा लॉट परत आला. पत्रे ओलसर असतानाच बांधले होते, चूक तिथेच झाली. तेव्हापासून माल पुसून कोरडा झाल्याशिवाय गुंडाळत नाही, मशिनिंग केलेल्या स्टीलच्या भागांना व्हीसीआय पेपर (गंज रोखणारा कागद) लावतो, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकतो आणि ताडपत्री सगळ्यात वरून. पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकाला टेकू देऊ नका, खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, मध्ये जाड पुठ्ठा घाला.

वजनाचं पण लक्षात घ्या, एक घनमीटर स्टील म्हणजे जवळपास ७,८५० किलो, त्यामुळे गाडी रिकामी दिसली तरी पासिंग (गाडीला परवानगी असलेलं वजन) केव्हाच भरलेलं असतं. कुंभार्ली घाट चढायचा असेल तर गोल माल आडवा लोळणारच, दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोका आणि वरून पट्टा आवळा. आणि माल न्हावाशेवा बंदरातून बाहेर देशी जाणार असेल तर पॅलेटच्या लाकडावर आयएसपीएम १५ चा (लाकडातली कीड मारल्याचा) शिक्का आहे ना ते भरायच्या आधी बघा.