वन्यजीव मोहीम कशी चालवावी : एक मागणी, एक कार्यालय, एक तारीख

‘वाघ वाचवा, जंगल वाचवा’ असं निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात दिलं की त्यावर आवक क्रमांक पडतो, फोटो पेपरात येतो आणि कागद फाइलला लागतो. कुणी, कुठे आणि कधीपर्यंत काय करायचं हेच त्यात नसतं. ‘अमुक गावाच्या शिवारातल्या २३ उघड्या विहिरींना पावसाळ्याआधी कठडे’ ही मागणी मात्र अधिकाऱ्याला टाळायची झाली तर लेखी कारण द्यावं लागतं. मोहिमेची ताकद तिथून सुरू होते.

विषय शिवारातून निवडा

खानदेशचंच पाहा. जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरच्या वढोदा-डोलारखेडा भागात वाघ केळीच्या बागांपर्यंत येतो. तिथे वीज सोडलेलं कुंपण आणि जंगलांना जोडणारा पट्टा हे प्रश्न आहेत. यावल अभयारण्याभोवती अतिक्रमण आणि वृक्षतोड, हतनूरच्या जलाशयावर हिवाळी पाहुण्या पक्ष्यांची शांतता, चाळीसगावकडे गौताळ्याच्या पायथ्याशी बिबट्या आणि विहिरी. नंदुरबारच्या शहादा-तोरणमाळ पट्ट्यात रानपिंगळा हे छोटं घुबड आहे. १८८४ नंतर ११३ वर्षं हा पक्षी कुणी नोंदवला नव्हता, तो १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याला जुनी, ढोली असलेली झाडं लागतात, म्हणून त्याची मोहीम म्हणजे ढोलीच्या झाडांची मोहीम. नुसती रोपं लावून त्याचं घर होत नाही.

जमीन कुणाची ते आधी पाहा

सगळ्यात जास्त मोहिमा इथे फसतात. अभयारण्याचा कारभार वन्यजीव विभागाकडे, बाहेरच्या राखीव वनाचा प्रादेशिक विभागाकडे, गायरानाचा महसूलकडे. धरणाच्या पाण्याचा पाटबंधारे खात्याकडे, रस्त्याचा बांधकाम विभाग किंवा महामार्ग प्राधिकरणाकडे. सातबारा आणि गट नकाशा काढा, वनरक्षकाला वनहद्दीच्या खुणेचे बुरूज विचारा. चुकीच्या टेबलावर गेलेलं निवेदन ‘आमच्या अखत्यारीत नाही’ एवढ्या एका ओळीत परत येतं आणि तोवर हंगाम निघून जातो.

पुरावा गोळा करा

विहिरींचंच उदाहरण घेऊ. पाण्याची पातळी खाली गेली तशा ट्यूबवेल झाल्या आणि जुन्या विहिरी पडीक पडल्या. पावसाळ्यानंतर गवत वाढून तोंड झाकलं जातं. रात्री कुत्र्यामागे धावणारा बिबट्या किंवा कोल्हा सरळ आत जातो. वहीत सहा रकाने आखा : गाव, गट नंबर, विहीर वापरातली की पडीक, कठड्याची उंची, जंगलाच्या हद्दीपासूनचं अंतर, आधी प्राणी पडल्याची तारीख. सोबत टेप धरलेला फोटो. दोघांनी तीन-चार रविवार दिले तर एक-दोन गावं होतात. रस्त्यावरच्या मृत्यूंसाठी किलोमीटरचा दगड, तारीख, वेळ आणि प्राणी लिहा. ‘इथे खूप प्राणी मरतात’ या वाक्यावर कुणी गतिरोधक बांधत नाही.

मग माहितीचा अधिकार वापरा. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. मागायचं असं : ‘मागील ५ वर्षांत अमुक वनपरिक्षेत्रात विहिरीत पडून किंवा विजेच्या धक्क्याने मेलेल्या वन्यप्राण्यांच्या पंचनाम्यांच्या प्रती.’ ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारू नका. या कायद्याने दप्तरी असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

गाव सोबत घ्या

ज्याची गाय बिबट्याने नेली त्याला आधी भरपाई हवी असते, आणि ते रास्त आहे. ४८ तासांच्या आत वन विभागाला कळवणं, पंचनामा होईपर्यंत मढं न हलवणं, पशुवैद्यकाचा दाखला या कामांत मोहिमेची माणसं मदतीला गेली तरच पुढच्या बैठकीला लोक येतात. बोलणंही गावच्या भाषेत हवं. आठवडे बाजारात अहिराणीत ‘कठडा शे का?’ (कठडा आहे का?) एवढा फलक पुरे. सातपुड्यात पावरीत किंवा भिलीत बोलणारा माणूस सोबत नसेल तर भाषण नकोच.

ग्रामसभेचा ठराव हा सगळ्यात वजनदार कागद, पण गणपूर्तीअभावी तो बाद होतो. वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. म्हणून सभा निंदणी-कापणीच्या दिवसांत ठेवू नका, आणि सह्या-अंगठे सभेतच घ्या. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला जंगल राखण्याचा अधिकार कायद्यानेच आहे, तो ठरावात नमूद करा. सरकारी जमिनीवरच्या जंगलपट्ट्यासाठी ‘संवर्धन राखीव’ची, म्हणजे वन्यजीव कायद्याखालच्या संरक्षित क्षेत्राची, मागणी करता येते. ते जाहीर करण्याआधी स्थानिकांशी सल्लामसलत बंधनकारक आहे. त्याच्या समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी आणि संस्थांच्या तीन जागा असतात. या जागा कोण भरणार ते आधीच ठरवा.

निवेदन, पाठपुरावा, सुनावणी

निवेदन एका पानाचं, सोबत तक्ता आणि ठरावाची प्रत. पोच घ्या. पंधरा दिवसांनी लेखी स्मरणपत्र, मग वरच्या अधिकाऱ्याकडे : वनपरिक्षेत्र अधिकारी, उपवनसंरक्षक, मुख्य वनसंरक्षक. पायरी गाळली तर कागद फिरून खालीच येतो.

प्रकल्पाची पर्यावरण जनसुनावणी असेल तर नोटिशीपासून किमान ३० दिवस मिळतात. त्या काळात मराठी सारांश मिळवून लेखी हरकत द्या. सभेत बोलून लगेच निघू नका, कारण शेवटी नोंदलेले मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक असतं आणि गळालेला मुद्दा तिथेच घालता येतो. मंजुरी निघालीच तर राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) पुणे खंडपीठात अपिलाची मुदत ३० दिवस. ही मुदत वर्गणी गोळा करण्यात संपते, त्यामुळे वकील आधी शोधून ठेवा.

जपायच्या गोष्टी

घरट्याचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका, फोटोतलं लोकेशन बंद करा. रानपिंगळ्याला आवाज वाजवून बोलावणारे छायाचित्रकार त्याच माहितीवर येतात, आणि दिवाळीच्या सुमारास घुबडं पकडणारेही. दुसऱ्या राज्यातला वाघाचा व्हिडिओ ‘आपल्या शिवारात’ म्हणून फिरला तर तो खोटा असल्याचं मोहिमेनेच त्याच दिवशी सांगावं. नाहीतर पुढची खरी नोंद कुणी मानत नाही. प्राणी विहिरीत पडलेला दिसला तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा आणि गर्दी लांब ठेवा. दोर-बाज घेऊन स्वतः उतरू नका.

कठडे झाल्यावर पुढच्या दसऱ्यानंतर तीच वही घेऊन तेच गट नंबर पुन्हा फिरा. निम्म्या ठिकाणी सिमेंट तडकलेलं किंवा एक बाजू मोटारीच्या पाइपसाठी फोडलेली दिसेल. ती यादी म्हणजे पुढच्या वर्षीची मागणी.