गायिकांची मिक्सटेप करताना या चुका टाळा

मैत्रिणीचा वाढदिवस असतो, भाऊ परदेशी निघालेला असतो किंवा सासूबाईंना नवा फोन घेतलेला असतो. मग ठरतं, की खास गायिकांच्या गाण्यांची एक टेप करून द्यायची. पुण्यात राहतो म्हटल्यावर गाण्यातलं आपल्याला कळतंच, त्यामुळे तासाभरात उरकेल असं वाटतं. हातात येतं ते असं: निम्मी लताबाईंची, उरलेली बहुतेक आशाबाईंची, चवीपुरती एक लावणी आणि शेवटी गेल्या दोन वर्षांतलं एखादं चित्रपटगीत. गाणी उत्तमच असतात. पण ती समोरच्याकडे आधीपासून असतात आणि नवी गायिका एकही भेटत नाही. दोष आवडीचा क्वचितच असतो, शोधण्याच्या पद्धतीचा जास्त.

एकाच नावाने शोधणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लग्नानंतर गायिकांची आडनावं बदलली, कधी नावंही बदलली आणि ध्वनिमुद्रणं दोन नावांत वाटली गेली. माणिक वर्मा आधी माणिक दादरकर होत्या. सुलोचना चव्हाण यांची सुरुवातीची हिंदी गाणी सुलोचना कदम या नावाने सापडतात. सुमन कल्याणपूर माहेरच्या हेमाडी, जयमाला शिलेदार आधीच्या प्रमिला जाधव, ज्योत्स्ना भोळे मूळच्या दुर्गा केळेकर. बेगम अख्तर यांच्या जुन्या तबकड्या हव्या असतील तर अख्तरीबाई फैजाबादी असं शोधावं लागतं. हिराबागेतल्या ज्योत्स्ना भोळे सभागृहात कार्यक्रमांना जाणारे पुष्कळ असतात. त्यांतल्या किती जणांनी ज्योत्स्नाबाईंचा आवाज ऐकलाय, हे विचारायची सोय नाही.

उपाय साधा आहे. गायिकेचं माहेरचं नाव आधी शोधा. मग दोन्ही नावं देवनागरीत टाका, रोमन लिपीत टाका, आणि रोमनमध्ये स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी बदलून बघा. गाण्याच्या संकेतस्थळांवर ही माहिती ज्याने त्याने आपल्या मर्जीने भरलेली असते.

उलटा घोटाळाही होतो: एक नाव, माणसं दोन. सावनी शेंडे शास्त्रीय गातात. ‘बार्डो’ चित्रपटातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सावनी रवींद्र यांना. माणिक वर्मा वेगळ्या, माणिक भिडे वेगळ्या. नुसतं ‘सुलोचना’ टाकलंत तर अभिनेत्रीही समोर येतील. आणि गायिकांच्या यादीत बालगंधर्वांचं नाट्यगीत शिरलेलं दिसलं तर फार हसू नका. बालगंधर्व म्हणजे स्त्री-भूमिका करणारे नारायणराव राजहंस, हे ॲपला ठाऊक असायचं काही कारण नाही.

आवाज न ओळखता नाव छापणं

सुमन कल्याणपूर यांच्यावर याबाबतीत सर्वाधिक अन्याय झाला. त्यांची कित्येक गाणी आजही लताबाईंच्या नावावर फिरतात. साठच्या दशकात मानधनाच्या हक्कावरून लताबाई आणि रफी यांनी काही काळ एकत्र गाणं थांबवलं होतं आणि त्या काळातली बरीच युगुलगीतं सुमनताईंकडे गेली. तेव्हा त्या वर्षांतलं रफींसोबतचं गाणं ‘लता’ म्हणून समोर आलं तर मूळ तबकडीवरचं नाव एकदा तपासा. तुम्ही दिलेली टेप दहा जणांकडे पुढे जाते आणि चूकही तिच्यासोबत जाते.

१९०२ मध्ये भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा गौहर जान गाणं संपलं की स्वतःच आपलं नाव इंग्रजीत सांगत. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या आणि तिथल्या कामगारांना लेबल लावायला ते उपयोगी पडायचं. पुढच्या काळात ही सोय राहिली नाही, हे आपलं दुर्दैव.

‘असंच आणखी’ या बटणावर भरवसा

ॲप तुम्हाला लोक एकापाठोपाठ एक काय ऐकतात तेवढंच सांगतं. सगळे फिरून लता-आशांवर येतात, म्हणून तेही तिथेच येतं. आपल्याकडे त्याहून चांगला रस्ता तयार आहे, तो म्हणजे गुरूचा.

हिराबाई बडोदेकरांपासून सुरुवात करा. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या गायिकांपैकी त्या एक, आणि पुण्याच्याच म्हणाव्यात अशा. धाकट्या बहिणीचं, सरस्वतीबाई राण्यांचं गाणं शेजारी ठेवा. मग हिराबाई आणि त्यांचे बंधू सुरेशबाबू माने यांच्याकडे शिकलेल्या प्रभा अत्रे ऐका. त्यांचा जन्मही पुण्यातला, १९३२ चा. माणिक वर्माही या भावंडांकडेच शिकल्या, हे कळल्यावर त्यांच्या भावगीतातली नाजूक हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, वेगळी ऐकू येते. हिराबाईंचे वडील अब्दुल करीम खाँ, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल. आता गंगूबाईंचा तो भारदस्त, खर्जातला आवाज हिराबाईंच्या गोड आवाजानंतर लावून बघा. घराणं, म्हणजे गुरु-शिष्यांची गायकी, एकच: किराणा.

दुसरा धागा जयपूर घराण्याचा: अल्लादिया खाँ, मग केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर, त्यांच्या शिष्या माणिक भिडे आणि माणिकताईंच्या कन्या अश्विनी भिडे-देशपांडे. सुगम संगीतातही धागे सापडतात. प्रियांका बर्वे आवडत असतील तर त्यांच्या आजी मालती पांडे-बर्वे यांची भावगीतं शोधा.

आणखी एक, खास पुणेरी चूक. सवाई गंधर्व महोत्सवाला किंवा जानेवारीत वसंतोत्सवाला, या संगीत महोत्सवांना, उशिरा पोचायचं, कारण ‘मोठं नाव शेवटी आहे’. तरुण गायिकांना बहुधा सुरुवातीची वेळ मिळते. शोध घ्यायचा असेल तर चहाच्या रांगेत नव्हे, तेव्हा खुर्चीत असायला हवं.

लावणी एक, तीही चवीपुरती

सुलोचना चव्हाण माईकसमोर गायल्या. विठाबाई नारायणगावकर तमाशाच्या फडात गायल्या. त्यांचं नारायणगाव पुणे जिल्ह्यातलंच. वाईच्या यमुनाबाईंची बैठकीची लावणी हे तिसरंच प्रकरण, संथ आणि अदाकारीचं. तिघींना ‘ठसकेबाज’ या एका शब्दात कोंबून एकीवर भागवू नका.

अर्ध्या तासाचा ख्याल मध्येच

गाडीत ऐकणारा माणूस विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाच्या तिसऱ्या मिनिटाला पुढचं बटण दाबतो. त्यात त्याचा काही दोष नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावत, म्हणून जुन्या गायिकांनी अख्खा राग तेवढ्यात मांडलाय. १९७७ च्या व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेलेली केसरबाईंची भैरवी अशीच छोटी आहे. टेपमध्ये या तबकड्या घ्या आणि लांब ख्यालाची लिंक वेगळी पाठवा.

क्रम लावताना सा विसरणं

यादी चांगली असूनही ऐकताना काहीतरी खटकतं, ते बहुतेक वेळा यामुळे. ख्याल गाणाऱ्या गायिकांचा सा, म्हणजे ज्यावर सगळं गाणं उभं असतं तो मूळ स्वर, पेटीच्या पट्ट्यांवर साधारण काळी तीन ते काळी पाचच्या दरम्यान असतो. एकीचा काळी चार आणि लगेच दुसरीचा पांढरी सहा असेल, तर अर्ध्या स्वराचा तो फरक कानाला बोचतो, दुसरी बेसूर गातेय असंच वाटतं. त्यापेक्षा सा सारखा असलेली किंवा मध्यम-पंचमाच्या (एकीचा सा दुसरीच्या म किंवा प वर येणाऱ्या) नात्यातली गाणी शेजारी ठेवा. फोनवरचं तानपुऱ्याचं कुठलंही ॲप लावलं की गाण्याचा सा जुळवून बघता येतो. जुन्या तबकड्यांचा वेग नेमका नसे, त्यामुळे त्यांचा सा दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी असतो. अशा गाण्याआधी मोठ्या वाद्यसुरावटीने सुरू होणारं गाणं ठेवलं की कान मोकळा होतो.

आवाज लहान-मोठा होत असेल तर ॲपमध्ये आवाजाची पातळी समान ठेवण्याची सोय चालू करा आणि गाण्यात गाणं मिसळण्याची सोय बंद करा. नाहीतर भैरवीच्या शेवटच्या सावर पुढच्या गाण्याचा ढोलक वाजू लागतो. ऐकणारा फोनच्याच स्पीकरवर ऐकणार असेल तर डग्गा जवळजवळ गायब होतो, तेव्हा आवाज पुढे असलेली मुद्रणं निवडा.

शिफारस की शिकवणी?

ऐंशी गाण्यांची लिंक पाठवून ‘ऐकच!’ म्हणणं ही शिफारस नव्हे, गृहपाठ आहे. कॅसेटच्या काळात साठ मिनिटांत भागायचं, आताही भागतं. प्रत्येक गायिकेबद्दल एक ओळ लिहा: नाव, आधीचं नाव, गुरू कोण. घराण्यांवर निबंध नको. ‘लतापेक्षा भारी’ हे तर चुकूनही लिहू नका. नव्या गायिकेला ऐकायच्या आधीच भांडायला उभं केल्यासारखं होतं. काकूंना आवडेल म्हणून नाट्यसंगीत ऐकत बसलात की आठवडाभर तुम्हालाही ॲप तेच सुचवेल, त्यासाठी खासगी सत्र चालू करून निवड करा.

काही महिन्यांनी यादीतलं एखादं गाणं करडं होऊन वाजेनासं होतं, कारण कंपनीचे हक्क बदललेले असतात. तेच मुद्रण बहुधा दुसऱ्या एखाद्या संकलनात मिळतं. बदलून टाकताना आधी लांबी जुळवा. काही सेकंदांचा फरक चालेल; मिनिटभराचा असेल तर ते दुसऱ्या मैफलीतलं असतं, किंवा मागे नवा ठेका चिकटवलेलं.