पावसाळ्यात पद्मिनी रोज चालवायची तर

माझी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुन्या काळची मोटार, रोज खानापूर-बेळगाव करते. इथल्या पावसात सकाळी ती अडते, ते बहुधा ओलीमुळे. चावी बंद करून डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटून देणारा भाग) टोपी काढा, आतून कोरड्या सुती फडक्यानं पुसा. आत केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर पुसत बसू नका. ती कार्बनची वाट, ठिणगी तिथूनच पळते. टोपी बदलाच. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची (उघडझाप करून ठिणगी पाडणारी जोडी) गॅप फीलर गेजनंच, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनीच लावा, अंदाजानं नको.

पेट्रोलात आता इथेनॉल असतं, त्यानं जुने रबरी पाइप फुगतात, चिरतात. महिन्यातून एकदा बोटांनी दाबून बघा. उन्हाळ्यात निपाणीला जाताना वंटमुरीच्या घाटात गुदमरली, तर बंद करून फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवा. पंप निवला की चालू होते.