कोकणात घरी धिंगरी अळंबी लावताय? या चुका टाळा

धिंगरी अळंबीची (ऑयस्टर मशरूमची) बहुतेक माहितीपत्रकं घाटावरच्या कोरड्या हवेला धरून लिहिलेली असतात. दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारा, ओली गोणपाटं टांगा, खोली बंद ठेवा. पुण्याकडे मार्च-एप्रिलमध्ये हे बरोबरच आहे. दापोली, देवगड, वेंगुर्ल्यात जुलैमध्ये तेच केलंत तर पेंढा आणि बियाणं भरलेल्या पिशव्या कुजतात. आपल्याकडे ओलावा आयता मिळतो, कमी पडते ती खेळती हवा. खालच्या बहुतेक चुका फिरून फिरून याच एका गोष्टीपाशी येतात.

जात आणि हंगाम

बाजारात दिसतं म्हणून बटण मशरूम लावायला जाऊ नका. त्याला फळधारणेच्या वेळी १४ ते १८ अंश तापमान लागतं, शिवाय खास कुजवलेलं कंपोस्ट. एसीशिवाय कोकणात तो नाद करू नये. आपल्यासाठी धिंगरी. पांढरी (फ्लोरिडा) आणि करडी (साजोर काजू) या जाती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सुखाने येतात. उन्हाळ्याकडे झुकलं की गुलाबी धिंगरी त्यांच्यापेक्षा जास्त उष्मा सोसते, मात्र ती टिकत नाही. काढली त्याच दिवशी कढईत जायला हवी. एप्रिल-मेच्या ३०-३५ अंशांत दुधी अळंबी येते, पण तिच्यावर मातीचा थर द्यावा लागतो. ती पहिल्याच खेपेला घेऊ नका.

पेंढा

निम्मं काम इथेच बिघडतं. परतीच्या पावसात भिजलेला आणि मग वाळवून उडवीत रचलेला पेंढा वरून ठीक दिसतो. मूठभर उपसून वास घ्या. कुबट आला, काड्यांवर काळे ठिपके दिसले, तर तो गुरांच्या पायाखाली घाला. मागच्या सालचा पेंढा नको, आणि गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेला तर नकोच, त्यात शेणाची धूळ बसलेली असते. सोनेरी, कडक, वाकवल्यावर कट्‌कन मोडणारी काडी हवी. तिचे ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे करा. लांब काड्या ठेवल्या की पिशवीत पोकळ्या राहतात आणि बुरशीचे धागे तिथे अडतात.

पेंढा ८-१० तास भिजवून मग ८० अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर पूर्ण बुडलेला राहायला हवा. वरून कढत पाणी ओतून झाकून ठेवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. पेंढा तरंगतो, म्हणून वर जाळी आणि जाळीवर वरवंटा ठेवा. उलट दोन-दोन तास खळखळ उकळणारेही आहेत. त्याने पेंढ्याचा लगदा होतो आणि पुढे तो पाणी धरून बसतो. थर्मामीटर घ्या, अंदाजाने चालू नका.

काही माहितीपत्रकांत गरम पाण्याऐवजी फॉर्मेलिन (एक उग्र जंतुनाशक रसायन) आणि बुरशीनाशकाच्या द्रावणात पेंढा भिजवायला सांगतात. मोठ्या उत्पादकाचं गणित वेगळं असेल. घरच्या न्हाणीत, पोरंबाळं वावरतात तिथे, फॉर्मेलिनची वाफ कशाला? चार पिशव्यांसाठी चूल पुरते.

पिळून बघणं

या एका गोष्टीला वेळ द्या. निथळलेला पेंढा मुठीत घेऊन जोर लावून आवळा. तळवा ओला झाला, बोटांच्या फटीत एखादा थेंब जमला, पण खाली धार लागली नाही, तर ओल बरोबर आहे, म्हणजे साधारण ६५ ते ७० टक्के. धार लागली तर थांबायचं. हिवाळ्यात दोन तासांत निथळतो, पावसाळ्यात सकाळचा पेंढा संध्याकाळपर्यंत तसाच ओला राहतो. मग घाई होते, आणि पिशव्या भरल्या जातात. आठ दिवसांनी पिशवीच्या तळाशी पिवळसर पाणी साचतं, आंबूस वास येतो आणि खालचा भाग बुरशीच्या धाग्यांनी पांढरा होतच नाही. पावसात पेंढा जाळीच्या पिशवीत टांगा, खाली पंखा लावा, आणि कितीही वेळ लागला तरी पिळून बघितल्याशिवाय बियाण्याला हात लावू नका.

तळाशी पाणी दिसलंच तर कोपऱ्याला सुईने दोन-तीन भोकं पाडून पिशवी तिरकी ठेवा. वास सुटला असेल तर मात्र ती फेकायची.

बियाणं

बियाणं म्हणजे स्पॉन, गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. दाणे पांढऱ्या धाग्यांनी मढलेले असावेत, वास ताज्या अळंबीचा यावा. हिरवा-काळा ठिपका किंवा आंबट पाणी दिसलं तर ते पाकीट घेऊ नका. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातला अळिंबी प्रकल्प किंवा खात्रीची प्रयोगशाळा बघा, आणि मेच्या दुपारी एसटीच्या टपावरून पार्सल मागवू नका. त्या उष्म्यात बियाणं मरतं आणि दोष पेंढ्यावर जातो. प्रमाण ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे ५ किलोला १०० ग्रॅम. पेंढा पूर्ण गार झाल्यावरच भरा; आतून कोमट असेल तर अजून थांबा.

हिरवी बुरशी

कोकणातल्या सगळ्यात जास्त तक्रारी हिच्याच. ही ट्रायकोडर्मा. कधी आणि कुठे दिसते त्यावरून कारण कळतं. पहिल्याच आठवड्यात पिशवीभर जागोजागी हिरवं धरलं तर पेंढा नीट तापला नव्हता किंवा बियाणं जुनं होतं. फक्त पिशवीला हवेसाठी पाडलेल्या भोकांपाशी दिसलं तर बाहेरून आलं. दोन तोडण्या झाल्यावर आलं तर काळजी सोडा, पिशवीचा जोर संपलाय.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मिरी, आलं, सुपारीच्या बागेत मुळकुजीवर आपण जी पावडर घालतो ती हीच ट्रायकोडर्मा. बागेला ती औषध, धिंगरीला काळ. सकाळी मिरीच्या वेलांना पावडर घालून त्याच हातांनी, त्याच कपड्यांत दुपारी पिशव्या भरायच्या नाहीत. ते पाकीटही अळंबीच्या खोलीत ठेवू नका.

नाण्याएवढा डाग असेल तर त्यावर भिजवलेल्या चुन्याचा लेप द्या. जास्त असेल तर पिशवी न उघडता उचलून लांब न्या. खोलीत उघडून बघितलीत तर बाकीच्यांवर बीजाणू (बुरशीची भुकटीसारखी बी) उडालेच म्हणून समजा. बुरशीनाशक फवारायचं नाही, हे खायचं आहे.

पिशव्या पांढऱ्या झाल्यावर

पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरी होते. या काळात २५ ते २८ अंश, अंधार आणि पिशव्यांमध्ये वीतभर अंतर हवं. एकमेकींवर रचू नका. वाढणारी बुरशी स्वतः उष्णता सोडते आणि मधल्या पिशव्या शिजल्यासारख्या होतात.

प्लास्टिक कापून टांगल्यावर घोस काय सांगतो ते बघा. देठ लांबट आणि टोपी बटणाएवढी असेल तर हवा कमी आहे, पाणी नव्हे. अळंबी कार्बन डायऑक्साइड सोडते आणि बंद मधल्या खोलीत तो साठतो. ती पिशवी पडवीत मच्छरदाणीच्या जाळीआड हलवा, पुढचा घोस रुंद टोपीचा येतो. ऊन थेट नको, पण वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड हवा. कळ्या पिवळट होऊन सुकल्या तर थेट वारा लागतोय; डिसेंबर-जानेवारीत सकाळचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा कोरडा असतो, तेव्हा मात्र गोणपाट भिजवून आडोसा करा. टोप्यांवर तपकिरी बुळबुळीत डाग म्हणजे वरून पाणी बसतंय. भिंती आणि जमीन ओली करा, घोसावर पंप मारू नका. जुलैत तर कित्येक दिवस काहीच मारावं लागत नाही. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरू नका. नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवा.

माश्यांना बारीक जाळी आणि एरंडेल फासलेला पिवळा पुठ्ठा. गोगलगाई रात्री बॅटरी घेऊन वेचायच्या.

तोडणी

टोपीची कड खाली वळलेली असतानाच काढा. कड वर वळली, खालच्या पिशवीवर पांढरी भुकटी दिसली, म्हणजे बीजाणू सुटले. बंद घरात याने खोकला लागतो, दमेकऱ्यांना तर त्रासच. अख्खा घोस पिरगळून काढा, बुंधा राहिला तर कुजतो. तोडणीआधी चार-पाच तास पाणी मारू नका. कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते, प्लास्टिकमध्ये बुळबुळीत होते. एक किलो कोरड्या पेंढ्यामागे सगळ्या तोडण्या मिळून अर्धा ते पाऊण किलो हाती लागणं ठीक आहे. ओल्या पेंढ्याच्या वजनावर हिशेब करून निराश होऊ नका.

पिशवीतून कधी बारीक देठाच्या, करड्या छत्र्या येतात आणि दुसऱ्या दिवशी काळी शाई होऊन गळतात. पावसात रानातली अळंबी ओळखून खाणारी माणसं आपल्याकडे घरोघर आहेत, तरीही पिशवीत न लावलेलं काहीही उगवलं तर ते उपटून टाकायचं, चाखायचं नाही. धिंगरीसुद्धा कच्ची खाऊ नये.

तीन तोडण्या झाल्या की पेंढा माडाच्या आळ्यात घाला, पण खोलीच्या दाराशी असलेल्या माडाच्या नव्हे, परसातल्या लांबच्या. त्याच्यात माश्या वाढतात. खोलीला चुन्याचा हात द्या, आठवडाभर दारं-खिडक्या उघड्या टाका, आणि मग पुढचा पेंढा भिजत घाला.